तिकीट आपलं, पाळी सगळ्यांची

वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, शाळांना सुट्या लागलेल्या असतात आणि घरात भाच्या-पुतण्यांची फौज जमलेली असते. मग जवळच्या असोद्यात काय किंवा भादली-नशिराबादला काय, पोरांचं एकच टुमणं सुरू होतं : वॉटर पार्कला चला. क्रूझर ठरते, वर्गणी निघते. शिर्डीला बाबांचं दर्शन घ्यायचं आणि तिथल्याच ‘वेट अँड जॉय’मध्ये पोरांना पाण्यात सोडायचं, हा बेत तर आता अनेक घरांत ठरलेलाच. कॉलेजची मुलं त्याहून लांब, खोपोलीच्या ‘इमॅजिका’पर्यंत जातात.

महाराष्ट्राला ही गोडी लावली ती गोराईच्या ‘एस्सेल वर्ल्ड’नं, १९८९ मध्ये. १९९८ मध्ये शेजारीच ‘वॉटर किंगडम’ आलं, २०१३ मध्ये ‘इमॅजिका’ सुरू झालं. राइड मोठ्या होत गेल्या, वेग वाढला. गर्दीत एकमेकांशी वागायचं कसं, हे मात्र आपण कुणी कुणाला शिकवलं नाही. म्हणून परतीच्या वाटेवर गाडीत हमखास ऐकू येतं, “राइड मस्त होत्या हो, पण लोक काय ते!” त्या लोकांत आपणही असतो, हे लक्षात ठेवून हा लेख वाचावा. आपल्यामुळे दुसऱ्याची सुटी नासू नये आणि दुसऱ्यामुळे आपली नासू लागली तर काय करावं, या दोन्ही गोष्टी इथं आहेत.

उद्धटपणा सुरू कुठून होतो

बहुतेक भांडणांच्या मुळाशी एकच वाक्य असतं : “एवढे पैसे मोजलेत आम्ही.” दहा माणसांच्या कुटुंबाची तिकिटं, गाडीभाडं, लॉकर, कपड्यांची अनामत धरली की खर्च मोठा होतो, हे खरंच आहे. पैसे वसूल व्हावेत असं वाटणंही चूक नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसानंही तेवढेच पैसे मोजलेले असतात. तिकिटानं आपल्याला पाळी मिळते. दुसऱ्याची पाळी घेण्याचा हक्क कोणत्याही तिकिटानं मिळत नाही. एवढं मनात पक्कं झालं की पुढचे बहुतेक नियम सांगावे लागत नाहीत.

ही अडचण आपल्याकडचीच आहे, असंही नाही. अमेरिकेत डिस्नीच्या पार्कांत अपंग पाहुण्यांना रांगेत ताटकळावं लागू नये म्हणून सवलत होती. काही धडधाकट श्रीमंत लोक अपंग व्यक्तीला पैसे देऊन सोबत घेतात आणि रांग टाळतात, अशा बातम्या २०१३ मध्ये आल्या. त्याच वर्षी डिस्नीनं सवलतीची जुनी पद्धत बंद केली, आणि बदललेल्या व्यवस्थेचा त्रास खऱ्या गरजवंतांना सोसावा लागला. चालत्या राइडवर सेल्फी स्टिक बाहेर काढणाऱ्यांमुळे २०१५ मध्ये तिथं त्या काठीवरच बंदी आली. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्ममध्ये २०२२ च्या जुलैत मारामाऱ्या झाल्या, तेव्हा शुक्रवारी-शनिवारी अल्पवयीन मुलांना मोठ्या माणसाशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम पार्कला करावा लागला. थोडे लोक वाईट वागतात आणि नियमांचा काच सगळ्यांना बसतो. तो टाळायचा तर सुरुवात घरातून करावी लागते.

गाडीत बसण्याआधी

गेटवरची अर्धी भांडणं माहिती नसल्यामुळे होतात. ती घरीच मिटवता येतात.

पहिलं भांडण कपड्यांचं. बहुतेक वॉटर पार्कांत नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे चालतात, सुती चालत नाहीत. गेटवरच्या पोरानं अडवलं की आपल्याला तो अपमान वाटतो. त्यामागचं कारण साधं आहे. सुती कपड्याचे धागे सुटतात आणि पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत अडकतात, रंग पाण्यात उतरतो, भिजलेलं कापड जड होऊन अंगात गुंतत राहतं. जीन्सची बटणं आणि चेन स्लाइडला ओरखडे पाडतात आणि मागून येणाऱ्याचं अंग सोलतं. घरातल्या बायका-मुलींना संकोच वाटत असेल तर पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ पोहण्याचे कपडे बाजारात मिळतात. पार्कमध्येही बहुधा भाड्यानं मिळतात. ते आधीच ठरवावं. साडीतच पाण्यात उतरायचा हट्ट धरून जीवरक्षकाशी वाद घालू नये. ज्यांना उतरायचंच नाही, त्यांनी काठावर सावलीत बसावं आणि सामान सांभाळावं. तेही काम मोठंच असतं.

दुसरं भांडण उंचीचं. वेगवान राइडशेजारी उंचीची पट्टी असते. सुरक्षेचा दांडा किंवा पट्टा त्या उंचीच्या शरीराला बसेल असाच बनवलेला असतो. कमी उंचीचं मूल त्याखालून निसटू शकतं. “एकदाच जाऊ द्या, मी धरतो त्याला,” हे म्हणणं प्रेमाचं असलं तरी वेगापुढे बापाचा हात टिकत नाही. निघण्याआधी मुलांची उंची चपला काढून भिंतीवर मोजा आणि कुणाला कोणती राइड मिळणार नाही, हे त्याला घरीच सांगा. तिथं, सगळ्यांसमोर नकार ऐकला की मूल रडतं, आई-बाप चिडतात आणि राग निघतो तो पट्टीजवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यावर.

तिसरं भांडण डब्याचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पुऱ्या असा भरगच्च डबा घेतल्याशिवाय आपण गाव सोडत नाही. पुष्कळ पार्क बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं याबाबत नियम वेगळा असतो. तो फोन करून विचारावा. डबा गाडीत ठेवून आत जाण्याआधी पोटभर खाऊन घेतलं तर डोकंही शांत राहतं. उपाशी माणसाला राग लवकर येतो.

चौथी गोष्ट मी स्पष्टच लिहितो. सहलीला निघालेल्या गाडीत दारू नको. पिऊन पाण्यात उतरलेला माणूस स्वतः बुडू शकतो, दुसऱ्याच्या अंगावर जातो आणि त्याच्या तोंडाला लगाम राहत नाही. घरातला कर्ता माणूस हे आधी बोलला, तर पुढचं बरंच टळतं.

रांगेत उभं राहताना

सगळ्यात जास्त चीड येते ती रांग मोडणाऱ्याची. रांग मोडण्याची एक ठरलेली तऱ्हा आहे. एक मुलगा रांगेत उभा राहतो. वीस-पंचवीस मिनिटांनी तो दारापाशी पोचला की मागून हाका येतात, “थांब रे, आलो!” आणि लोकांच्या खांद्यांना धक्के देत, ओल्या पायांनी, दहा-बारा जण पुढे सरकतात. “आमचा माणूस आहे पुढे.” मागच्या बाईच्या कडेवर पेंगुळलेलं मूल असतं. तिची पाळी दहा-बारा माणसांनी मागे जाते.

नियम सोपा ठेवावा : जितके जण राइडला जाणार, तितके जण रांगेत. लहान मुलाला लघवीला न्यायला एक जण बाहेर पडला तर आधी मागच्याला सांगून जावं, “दादा, पोराला घेऊन येतो, पाचच मिनिटं.” सांगून गेलेल्याला लोक आनंदानं जागा देतात. काही पार्कांत जास्त पैसे भरून वेगळ्या, लवकर सरकणाऱ्या रांगेचं तिकीट मिळतं. त्या दारानं कुणी पुढे गेलं तर त्याला शिव्या घालू नयेत. त्यानं चोरी केलेली नाही.

आणि कुणी खरंच घुसला तर? समाजमानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांत त्यांनी मुद्दाम माणसं घुसवून पाहिली. हरकत घेतली ती मुख्यतः घुसणाऱ्याच्या अगदी मागे उभ्या असलेल्यांनी. लांबचे लोक पाहत राहिले. तेव्हा घुसणारा आपल्या पुढ्यात आला असेल, तर बोलण्याची जबाबदारी आपली आहे असं समजावं. आवाज न चढवता, त्याच्याकडे पाहून म्हणावं, “भाऊ, रांग तिकडून आहे.” एवढंच. पुष्कळदा माणूस ओशाळून मागे जातो. आपल्या पुढे-मागे कुणी असं बोललं तर गप्प बसू नये. “बरोबर बोलताहेत ते,” एवढं म्हटलं तरी बोलणाऱ्याला बळ येतं.

रांगेत रेटारेटी करणाऱ्याला मात्र थांबवायलाच हवं. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे तीनशे माणसं गेली. अरुंद वाट, ओला उतार आणि मागून येणारा रेटा एकत्र आले की काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. स्लाइडकडे जाणारे जिनेही अरुंद आणि ओलेच असतात. जिन्यात पुढच्याला ढकलणं हा चेष्टेचा विषय नाही.

पाण्यात उतरल्यावर

वेव्ह पूलचा भोंगा वाजतो आणि सगळी गर्दी एकदम आत धावते. पहिली लाट येईपर्यंत काठावर आजी-नातवंडं असतात. लाट आली की मधे हात धरून गोल केलेली पोरं आरडाओरडा करत कुणाच्याही अंगावर आदळतात. लाट पाण्याची असते, पण कोपर माणसाचंच लागतं. आपल्या गटानं गोल करायचाच असेल तर गर्दीपासून लांब करावा आणि लहान मुलं, म्हातारी माणसं दिसली की हात सोडून वाट द्यावी.

मुलांना उथळ बाजूला ठेवावं आणि एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर असावं. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. त्याच्या तोंडात पाणी गेलेलं असतं. आणि “वाचवा, वाचवा” असं खोटं ओरडण्याची चेष्टा कुणी करत असेल तर त्याला तिथल्या तिथे गप्प करावं. त्या दोन मिनिटांत जीवरक्षकाचं लक्ष खऱ्या संकटावरून हटलेलं असतं.

स्लाइडवर वरचा माणूस खुणावेपर्यंत थांबावं. आधी गेलेला खालच्या पाण्यातून बाहेर पडला की मगच तो खूण करतो. चार मित्रांनी एकमेकांचे पाय धरून साखळीनं घसरायचं, हा प्रकार फार चालतो. वजन वाढतं, वेग वाढतो आणि खाली कुणाचा गुडघा कुणाच्या तोंडावर बसेल, सांगता येत नाही. खाली पोचलं की लगेच बाजूला व्हावं. फोटोसाठी तिथंच उभं राहू नये.

पाण्यात थुंकणं आणि लघवी करणं याबद्दल लोक लाजून बोलत नाहीत. बोललं पाहिजे. पाण्यातल्या क्लोरीनमध्ये घाम आणि लघवी मिसळली की जी द्रव्यं तयार होतात, त्यांनी डोळे चुरचुरतात आणि खोकला येतो. आपण समजतो, क्लोरीन जास्त झालं. खरं तर घाण जास्त झालेली असते. म्हणून पाण्यात जाण्याआधी शॉवर घ्यावा आणि मुलांना तासातासाला बाहेर काढून न्यावं. मुलाला जुलाब होत असतील तर त्याला पाण्यात उतरवूच नये. जुलाबाचे काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जगतात. तंबाखू आणि गुटखा गाडीतच ठेवून यावा.

मुली, बायका आणि मोबाइल

आपल्या लेकी-सुनांनी पाण्यात मोकळेपणानं खेळावं, असं वाटत असेल तर दुसऱ्याच्या लेकी-सुनांनाही तसं खेळता आलं पाहिजे. रेनडान्समध्ये घोळका करून मुलींभोवती फिरणं, लाटेचं निमित्त करून अंगाला हात लावणं, ओल्या कपड्यांवर शेरे मारणं, परक्या बाईचं चित्रीकरण करणं हे उद्धटपणाच्या पलीकडचं आहे. हे गुन्हे ठरू शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंगासाठी कलम ७४, लैंगिक छळासाठी ७५, कपडे बदलताना चोरून पाहण्या-टिपण्यासाठी ७७, पाठलागासाठी ७८ आणि शब्दांनी वा हावभावांनी स्त्रीचा अपमान करण्यासाठी ७९ अशी कलमं आहेत. पीडित अल्पवयीन असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो.

घरातल्या तरुण मुलांना हे निघण्याआधी सांगावं आणि ते बापानं किंवा काकानं सांगावं. बाईनं सांगितलं की पोरं हसण्यावारी नेतात. मुलींना सांगायचं ते वेगळं. काही खटकलं तर लगेच मोठ्यानं बोल, “हात काढ,” आणि सरळ जीवरक्षकाकडे ये. तुझी सुटी आम्ही बंद करणार नाही. ही शेवटची हमी फार महत्त्वाची आहे. सांगितलं तर पुढच्या वेळी घरी बसवतील, या भीतीनं कितीतरी मुली गप्प राहतात.

मोबाइल कपडे बदलण्याच्या खोलीत काढूच नये, आरसा असला तरी. आपल्या मुलांचा व्हिडिओ काढताना मागे दुसऱ्यांच्या ओल्या अंगाच्या बायका-मुलं दिसत असतील तर तो स्टेटसला टाकू नये.

उन्हात उभा असलेला माणूस

शिट्टी वाजवणारा जीवरक्षक, ट्यूब उचलणारा, पट्टा तपासणारा, लॉकरची किल्ली देणारी मुलगी ही सगळी आपल्याच मुलांच्या वयाची, कुठल्या तरी जवळच्या गावातली पोरं असतात. दिवसभर उन्हात उभं राहून एकच सूचना शेकडो वेळा द्यायची आणि वर “तुझ्या मालकाला बोलाव” ऐकायचं. हिवाळ्यात आपल्या शेतात भरीत पार्टीला येणारे पाहुणे आपण हौसेनं बोलावतो. त्यातल्या एखाद्यानं न विचारता केळीचा घड तोडला, सालदाराला अरे-तुरे केलं, तर आपल्याला कसं वाटतं? पार्कमध्ये आपण पाहुणे असतो आणि तो पोरगा त्या रानाचा राखणदार असतो.

त्याच्याशी “भाऊ”, “ताई” म्हणून बोलावं. नियम पटला नाही तरी राइड अडवून धरू नये. मागचे लोक खोळंबतात. बाजूला होऊन, वरिष्ठ कुठे भेटतील ते विचारावं. राइड थांबवण्याचा त्याचा अधिकार आपल्या जिवासाठी आहे.

समोरचा अंगावर आला तर

शब्दाला शब्द वाढला की मुलं घाबरतात आणि दिवस वाया जातो. अशा वेळी हा क्रम पाळावा.

१. एकदाच आणि शांतपणे सांगावं. “दादा, लहान मुलं आहेत, जरा सांभाळून.” टोमणा मारू नये, त्याच्या गावावर किंवा जातीवर जाऊ नये.

२. तो ऐकत नसेल तर दुसऱ्यांदा सांगायला जाऊ नये. मुलांना घेऊन चार पावलं बाजूला व्हावं.

३. जवळच्या कर्मचाऱ्याला किंवा सुरक्षारक्षकाला जागा, वेळ आणि कपड्यांचा रंग सांगावा. “निळी टोपी, वेव्ह पूलची डावी बाजू” एवढ्यानं माणूस सापडतो. पार्कमध्ये कॅमेरे असतात. वेळ सांगितली तर चित्रीकरण काढता येतं.

४. हात उगारला, मुलीला त्रास दिला किंवा मूल हरवलं तर वाट पाहू नये, ११२ लावावा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

५. व्यवस्थापनानं दखल घेतली नाही तर तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, तिकीट जपून ठेवावं. सेवेतल्या त्रुटीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आपल्या बोलीवरून किंवा कपड्यांवरून कुणी “गावठी” म्हणून हसलं तरी बिचकू नये. जिच्या कवितेनं सगळ्या महाराष्ट्राला वेड लावलं, त्या बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये असोद्यात जन्मल्या आणि याच बोलीत वाढल्या. आपल्या बोलीत, पण मान राखून उत्तर द्यावं. हसणाऱ्याचं हसू तिथंच विरतं.

आपलाच माणूस चुकला तर

सगळ्यात अवघड प्रसंग हा. आपल्या पुतण्यानं रांग मोडली, आपल्या मेव्हण्यानं रक्षकाला शिवी दिली. अशा वेळी घरचे लोक दोनपैकी एक करतात : त्याची बाजू घेऊन भांडतात किंवा न पाहिल्यासारखं करतात. दोन्हीनं मुलं शिकतात की आपला असला की चालतं.

त्याला हाताला धरून बाजूला न्यावं, चारचौघांत पाणउतारा करू नये. ज्याला त्रास झाला त्याची माफी घरातल्या वडीलधाऱ्यानं मागावी आणि मुलाला शेजारी उभं करावं. रांग मोडली असेल तर सगळ्या गटानं मागे जाऊन उभं राहावं. वीस मिनिटं जातील. पण ती वीस मिनिटं त्या मुलाला जे शिकवतील, ते कितीही बोलून शिकवता येणार नाही.

शाळेच्या सहलीत हेच काम शिक्षकांना करावं लागतं. पन्नास मुलं एकदम सोडली की पार्कवर टोळधाड येते. सात-आठ मुलांमागे एक मोठं माणूस, प्रत्येक गटाला ठरलेली वेळ आणि भेटायची जागा असं आधी ठरवावं. नियम फळ्यावर लिहून देण्यापेक्षा मुलांकडूनच काढून घ्यावेत. “रांगेत तुमच्यापुढे कुणी घुसलं तर कसं वाटेल?” असं विचारलं की नियम तेच सांगतात, आणि स्वतः सांगितलेला नियम मुलं मोडत नाहीत.

आखाजीला निंबाच्या झाडाला झोका बांधला जातो. एक झोका घेते, दुसरी ढकलते, बाकीच्या गाणी म्हणत पाळीची वाट पाहतात. झोका कितीही उंच गेला तरी पाळी झाली की उतरायचं, हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही. हे वागणं आपल्याकडे आहे. ते सोबत घेऊन निघायचं आहे, एवढंच. या सुटीत गाडीत बसल्यावर, गाणी लावण्याआधी, घरातल्या थोरल्यानं दोन गोष्टी सांगाव्यात : पाळी मोडायची नाही आणि कुणाला त्रास होताना दिसला तर गप्प बसायचं नाही. मग खुशाल मजा करा.